फाटककाकांचा एकुलता एक गोल

"ऑफसाइड! ऑफसाइड! अरे मागे घे, मागे घे, आख्खं बोनेट ऑफसाइडला गेलंय!"

शेजारच्या सीटवरून ही बोंब उठली तेव्हा माझी गाडी आमच्या गावच्या पाच तोंडांच्या राउंडअबाउटवर, पांढऱ्या रेषेवर उभी होती. रेषेवर म्हणजे माझ्या मते रेषेवर. फाटककाकांच्या मते रेषेच्या चार बोटं पुढे, आणि चार बोटं म्हणजे गुन्हा. त्यांनी शर्टाच्या खिशातून पिवळं कार्ड काढलं, खरंखुरं, रेफरीचं, आणि माझ्या नाकासमोर धरलं. मागे सात गाड्या खोळंबल्या होत्या. हॉर्न एकाचाही वाजला नाही. उलट पहिल्या गाडीतला टकलू गृहस्थ खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आला आणि दोन्ही हात पसरून गाऊ लागला, "शट दॅट गेट! शट दॅट गेट!" मागच्या सहा गाड्यांनी सूर धरला. काकांनी कार्ड खिशात ठेवलं, काच खाली केली, सगळ्यांना हात केला, काच वर केली आणि मला म्हणाले, "आता मागे घे."

मी मागे घेतली. माझ्यासाठी सातही गाड्या एकामागून एक मागे सरकल्या. त्या गावात फाटककाकांसाठी गाड्याच काय, नदीसुद्धा मागे सरकली असती.

फाटक हे अर्थातच त्यांचं नाव नव्हे. काका मूळचे अल्जीरियाचे, ओरान शहरातले. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सपासून अर्ध्या तासावर असलेल्या आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाकडून अकरा सीझन ते बचावफळीत खेळले, आणि त्या अकरा सीझनमध्ये त्यांच्या बाजूने बॉल तर सोडाच, वारादेखील गोलपर्यंत पोचला नाही, असं गाव सांगतं. म्हणून गावाने त्यांना 'द गेट' म्हणायला सुरुवात केली. माझी बायको पुण्याची. तिने पहिल्याच रविवारी त्याचं मराठी करून टाकलं. "फाटककाका, पोहे घेणार ना?" त्यांना वाटलं ही काहीतरी भारतीय पदवी असावी. ते उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून तिच्यासमोर वाकले. त्या दिवसापासून आमच्या घरी ते फाटककाका, आणि मी त्यांचा 'खूया'. खूया म्हणजे त्यांच्याकडे भाऊ.

खेळणं थांबल्यावर लोक समालोचक होतात, कोच होतात. काकांनी ड्रायव्हिंग स्कूल काढलं. एक शिक्षक, एक लाल गाडी, गाडीच्या उजव्या दाराला नारळाएवढा पोचा. तो पोचा आपल्या पहिल्या विद्यार्थिनीने पाडला असं ते अभिमानाने सांगत, आणि तो कधी काढून घेत नसत.

मी त्यांच्याकडे गेलो तो पुण्याला परत जायची वेळ आली होती म्हणून. भारतातलं लायसन्स इथे वर्षभर चालतं, पुढे इथली टेस्ट पास व्हावी लागते. माझं वर्ष निम्मं सरलेलं. अशात कंपनीने एका क्लायंटची तीन गोदामं माझ्या गळ्यात बांधली. तिन्ही अशा ठिकाणी, की बसवाल्यांनीसुद्धा त्यांचं नाव ऐकलेलं नाही. मॅनेजर म्हणाली, "लायसन्सचं बघून घ्या हं. नाही जमलं तर आपण पुणे ऑफिसमध्ये तुमच्यासाठी काहीतरी छान शोधू." इथे असली वाक्यं केकचा तुकडा द्यावा तशी देतात. वर्क व्हिसावरच्या माणसाला 'पुण्यात काहीतरी छान' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. बायकोला नुकतीच इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली होती, मुलगी शाळेत रुळत होती.

आणि मी पुण्यात वीस वर्षं गाडी चालवली होती. म्हणजे मला गाडी चालवता येत नव्हती, हे पहिल्या दहा मिनिटांत सिद्ध झालं.

काकांचा क्लास नव्वद मिनिटांचा. पंचेचाळीस मिनिटांचा पहिला हाफ, मग मध्यंतर, मग दुसरा हाफ. मध्यंतरात गाडी चर्चच्या भिंतीशी लावायची, काका एका संत्र्याच्या चार फोडी करणार, दोन मला, दोन त्यांना, थर्मासमधून पुदिन्याचा चहा, आणि पहिल्या हाफचं पोस्टमॉर्टेम. रिव्हर्स घेण्याला ते 'बॅक पास' म्हणत. राउंडअबाउट नीट पार पडला तर डॅशबोर्डच्या कप्प्यातून एक खजूर. पाच महिन्यांत मी किती खजूर खाल्ले ते मला हाताच्या बोटांवर सांगता येतं. पिवळी कार्डं मात्र पोत्याने मिळाली. दोन पिवळी म्हणजे एक लाल, आणि लाल मिळालं की गाडीतून उतरायचं. मला एकदा लाल मिळालं ते थेट रिटेल पार्कपाशी. घर दोन मैल. मी फुटपाथवरून चालत निघालो आणि काका शेजारून पायी चालण्याच्या वेगाने गाडी चालवत, खिडकीतून मला शिकवत राहिले, "आता बघ, मी आरशात बघितलं! आता बघ, सिग्नल दिला! बघतोयस ना?" वाटेत तीन जणांनी त्यांच्याबरोबर फोटो काढले. फोटो मला काढायला लावले.

त्यांचं तत्त्वज्ञान एका ओळीत मावत असे: उभा राहा. "लोकांना वाटतं डिफेंडर धावतो, उडी मारतो, पाय घालतो. छे! वाईट डिफेंडर जमिनीवर लोळतो. चांगला डिफेंडर उभा असतो. समोरचा नाचतो, डावीकडे बघतो, उजवीकडे झुकतो, तू उभा. शेवटी तोच चुकतो. राउंडअबाउटवर पण तेच. तुझी पाळी नसेल तर रेषेच्या मागे उभा राहा. राजाने स्वतः गाडीतून उतरून 'या' म्हटलं तरी उभा राहा."

रेषेबद्दल ते सोवळ्यातल्या माणसासारखे कडक. टायर रेषेला शिवला की ऑफसाइड, म्हणजे फुटबॉलमध्ये समोरच्यांच्या बचावफळीपुढे, नुसत्या गोलकीपरसमोर जाऊन बॉल घेणाऱ्याचा गुन्हा; तसा गोल धरत नाहीत. "रेषेच्या पुढे उभं राहून फायदा घेणं," ते म्हणत, "याला माझ्याकडे माफी नाही."

गावाचं त्यांच्यावर किती प्रेम होतं ते सांगितलं तर लोक मला थापाड्या म्हणतात, म्हणून मी निम्मंच सांगतो. चिप शॉपवाल्याने गेल्या वीस वर्षांत त्यांना एकही चिप विकलेली नाही. नुसतं देतो, आणि व्हिनेगर जास्त झालं तर माफी मागतो. न्हाव्याकडे त्यांची वेगळी खुर्ची आहे, तिच्यावर दुसरं गिऱ्हाईक बसलं तर न्हावी कानाशी कात्री नुसतीच वाजवत राहतो. दर उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेचं उद्घाटन पाद्रीबुवा या मुसलमान माणसाच्या हस्ते करतात. हस्ते कसलं, पायाने! फीत दोन खुंट्यांना बांधतात आणि काका बॉल मारून ती तोडतात. पार्कात 'गेट, इकडे ये!' म्हणून हाक मारा, नऊ कुत्री धावत येतील. एकदा काका स्वतः वळले होते, तेव्हा दहा.

आणि या सगळ्याच्या मुळाशी होता एक गोल. अकरा सीझनमधला त्यांचा एकुलता एक. सीझनचा शेवटचा सामना, समोर पलीकडच्या गावचा क्लब, जो हरेल तो खालच्या डिव्हिजनमध्ये जाणार, शेवटची मिनिटं, बरोबरी झाली तर आम्ही बुडणार. आणि काकांनी गोल मारला. आम्ही तरलो, पलीकडचे बुडाले, ते अजून वर आलेले नाहीत.

गोल कसा मारला, यावर मात्र गावात एकमत नाही. न्हावी म्हणतो पंचवीस यार्डांवरून. खाटीक म्हणतो मैदानाच्या मधोमध उभं राहून, डाव्या पायाने. कोपऱ्यावरच्या दुकानातले गुजराती काका म्हणतात, बॉल आधी स्टँडवरून गेला, मग वळून आत आला, मी माझ्या डोळ्यांनी जोयो. त्या मैदानात चार हजार माणसं मावतात. तो गोल डोळ्यांनी बघितलेली सहा हजार तरी मला स्वतःला भेटली आहेत.

खरी हकीकत फक्त काका सांगत, आणि ती कुणालाच पटत नसे. एका रविवारी पोहे खाताना त्यांनी ती आम्हाला सांगितली. "कॉर्नर होता, म्हणून मी पुढे गेलो होतो. त्यांनी बॉल लांब मारला. सगळे परत धावले. माझ्या बुटाची नाडी सुटली होती, मी बांधत बसलो. नाडी बांधून उभा राहिलो, आणि उभा राहिलो एवढंच. कुठूनतरी बॉल आला, माझ्या गुडघ्याला लागला, आत गेला. बघितलंस? उभं राहण्याचं फळ!"

बायको झारा हातात घेऊन विचार करत होती. "म्हणजे काका, तुम्ही एकटेच पुढे? त्यांचं कोणीच नव्हतं तुमच्यापुढे?"

"गोलकीपर होता की."

"फक्त गोलकीपर?"

"वहिनी," काका म्हणाले, कारण मी त्यांना हा एक शब्द शिकवून ठेवला होता, "पोहे आणखी मिळतील?"

या लोकप्रियतेने माझा मात्र घात केला. माझ्या ध्यानात यायला पहिली टेस्ट नापास व्हावी लागली. झालं होतं असं, की छतावर काकांची पाटी असलेली लाल गाडी दिसली की गाव थांबत असे. उजवीकडून येणारे थांबत, डावीकडून येणारे थांबत, झेब्रा क्रॉसिंगवरच्या म्हाताऱ्या बायका उलट फुटपाथवर चढून मला जाऊ देत. तीन महिने मी गाडी चालवली ती मिरवणुकीतल्या गणपतीसारखी. थांबायचं असतं, दुसऱ्याची वाट बघायची असते, ही गोष्ट माझ्या पायांना माहीतच नव्हती. टेस्टच्या दिवशी काकांनी पाटी उतरवून ठेवली, म्हणाले, हा तुझा सामना, माझ्या नावाने खेळायचा नाही. मी पाच तोंडांच्या राउंडअबाउटमध्ये सवयीप्रमाणे सरळ घुसलो. परगावची लॉरी होती. तिला मी कोण ते माहीत नव्हतं. शेजारच्या एक्झामिनरबाईंनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून हे लिहायला मी आहे.

बाई म्हणजे करड्या केसांच्या, करड्या कोटाच्या, पाऊस पडत नसतानाही पाऊस पडतोय अशा चेहऱ्याच्या. दुसऱ्या टेस्टलाही त्याच. तेव्हा बेकरीवाल्याने गाडीचा पोचा ओळखला, भर राउंडअबाउटवर व्हॅन थांबवून मला वाट दिली, मी स्टिअरिंगवरचा हात उचलून त्याला नमस्कार केला आणि पाळी नसताना निघालो. नापास.

त्या दिवशी काका टेस्ट सेंटरमधून बाहेर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. "खूया, तिच्या किल्ल्यांना हिरवी-पिवळी फीत आहे."

"मग?"

"पलीकडच्या गावचे रंग. ती माझ्यामुळे तुला नापास करतेय."

"काका, मी पाळी सोडून गेलो. आणि इथली माणसं नियमाला पक्की असतात."

"ती वेगळी," काका म्हणाले. "ही पलीकडच्या गावची आहे."

तिसरी तारीख मिळाली ती माझं वर्ष संपायच्या नऊ दिवस आधीची. ती हुकली की पुढची कित्येक महिन्यांनी. म्हणजे पुणे, म्हणजे काहीतरी छान. मुलीने शाळेत शेवटच्या दिवसासाठी कप-केक न्यायचे का, असं विचारलं, त्या रात्री मी जेवलो नाही.

गावाने काकांना ओळखू नये, हा एकच उपाय होता. मिल्टन कीन्सला जाऊन बघितलं. तिथे तीन राउंडअबाउट शांततेत गेले, चौथ्यावर आमच्या गावचा प्लंबर भेटला. शेवटी मी आईने पुण्याहून पाठवलेली तपकिरी माकडटोपी काढली. जूनचा महिना. काकांनी ती डोक्यावर चढवली, हनुवटीखाली ओढली, फक्त डोळे आणि मिशी उरली. आरशात बघून म्हणाले, "आता मला माझी आईसुद्धा ओळखणार नाही." पाटी काढली. निघालो.

माकडटोपी म्हणजे आपल्याकडे पहाटे फिरायला जाणारे आजोबा. इथे माकडटोपी म्हणजे बँक लुटून आलेला माणूस, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अकराव्या मिनिटाला मागे निळा दिवा लागला. कुणीतरी फोन केला होता, की तोंड झाकलेला एक इसम एका घाबरलेल्या माणसाला जबरदस्तीने गाडी चालवायला लावतोय, आणि तो बिचारा सुटकेसाठी जागोजागी गाडी थांबवतोय.

"सर," पोलीस काकांना म्हणाला, "टोपी. सावकाश."

काकांनी टोपी सावकाश वर केली. आधी हनुवटी दिसली, मग गाल. पोलिसाच्या हातातलं वायरलेस खाली पडलं. "गेट?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात लग्नात नवरीचा अंतरपाट दूर झाल्याचा भाव होता. पाच मिनिटांत आणखी तीन पोलीस गाड्या आल्या, सगळ्या फोटोसाठी. त्या अर्ध्या तासात गावात चोऱ्या झाल्या असतील तर पाप माझ्या माथी.

पण त्या पोलिसाने एक काम केलं. मी त्याला माझी कर्मकहाणी सांगितली, त्याने ती न्हाव्याला सांगितली, म्हणजे गावाला कळलीच. हुकूम सुटला: तपकिरी टोपी दिसली तर ओळखायचं नाही, माणसाची नोकरी अडकलीय.

आणि गावाने तो पाळला! दुसऱ्या दिवसापासून लाल गाडी दिसली की माणसं दुकानाच्या काचांकडे तोंड करून उभी राहत. चिप शॉपवाला आभाळ बघे. कोणी थांबेना, कोणी गाईना, सगळे आपापल्या पाळीने जात. मी प्रथमच रेषेमागे उभं राहायला शिकलो. सहा दिवसांत नऊ खजूर!

सहाव्या दिवशी चर्चच्या भिंतीशी काका संत्रं सोलत होते. टोपीतून फक्त डोळे दिसत होते. म्हणाले, "मला माहीत आहे ते मुद्दाम करतायत. तरी माझा हात वर जातो, आणि कुणीच बघत नाही रे. तुला इथे रोज असंच असतं?"

"वर्षात एकदा बस ड्रायव्हरने हात केला होता," मी म्हणालो. "पण तो माझ्या मागच्या माणसाला होता."

ते हसले नाहीत. "मी आलो तेव्हा फेब्रुवारी होता. एका आठवड्याच्या ट्रायलला आलेलो. भाषा येत नव्हती. तीन वर्षं या गावात कुणी मला हात केला नाही. गोल नंतर झाला." त्यांनी संत्र्याच्या चारही फोडी माझ्या हातावर ठेवल्या. "त्या तीन वर्षांत मी काय केलं? उभा राहिलो."

टेस्टच्या दिवशी तेच एक्झामिनरबाईंचं करडं तोंड. काकांनी टेस्ट सेंटरमध्येही टोपी काढली नाही, प्रतीक्षेच्या खुर्चीवर हातांची घडी घालून बसले. बाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि किल्ल्या उचलल्या. किल्ल्यांची हिरवी-पिवळी फीत हलली. आम्ही निघालो.

सगळं बरं चाललं होतं. पाच तोंडांच्या राउंडअबाउटला आलो, रेषेच्या वीतभर मागे थांबलो. उजवीकडून कचऱ्याची लॉरी आली. पाळी तिची. आणि लॉरीवाला पंधरा दिवस स्पेनला सुट्टीवर जाऊन आदल्या दिवशी परतलेला, त्याला हुकूम कळलेलाच नव्हता! त्याने दाराचा पोचा बघितला, करकचून ब्रेक मारला, खिडकीतून बाहेर आला आणि भसाड्या आवाजात सुरू झाला, "शट दॅट गेट!" मला हाताने खुणावतोय, या, या!

पाच महिन्यांची सवय म्हणत होती, जा. मागे गाड्या साचत होत्या. बाईंचं पेन कागदावर टेकलेलं. लॉरीवाल्याने गाण्याची दोन कडवी संपवली. त्या गाण्याला दुसरं कडवं आहे हे मला त्या दिवशी कळलं. तो थांबलेला, मी उभा. तो नाचतोय, मी उभा. गोदामं, पुणे, कप-केक, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि मी उभा. शेवटी तोच कंटाळला. मान हलवत, गाणं अर्धवट सोडून लॉरी निघून गेली. मग माझी पाळी आली, आणि मी निघालो.

टेस्ट सेंटरच्या आवारात गाडी लावली. बाईंनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. "राउंडअबाउटवर गरजेपेक्षा जास्त थांबलात. एक मायनर चूक," त्या म्हणाल्या. "पास."

मी गाडीतून उतरलो तो लहान मुलासारखा ओरडत. काका बाहेर धावत आले, त्यांनी मला जमिनीवरून उचललं, पाठीवर थापट्या मारल्या, दोन्ही गालांचे मुके घेतले. माकडटोपीची लोकर दिवसभर तोंडात येत होती. मग त्यांनी मला खाली ठेवलं, शर्ट झटकला आणि बाईंसमोर जाऊन उभे राहिले. आता लपवायचं काही कारण नव्हतं. त्यांनी टोपी एका झटक्यात काढली, केस सारखे केले आणि छाती पुढे काढून विचारलं,

"ओळखलंत मला?"

"पहिल्याच दिवशी," बाई म्हणाल्या.

"अच्छा! म्हणजे तो सामना..."

"गोलच्या मागे होते मी. तिसऱ्या रांगेत."

काकांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत पलीकडच्या गावचं माणूस त्यांच्याशी या विषयावर प्रथमच बोलत होतं. "म्हणजे तुम्ही माझा गोल अगदी जवळून बघितलात!"

बाईंनी पेनाला टोपण लावलं, कागद काखेत घेतले.

"बघितला," त्या म्हणाल्या. "ऑफसाइड होता."